उंदरांचा वाटा

शेवटचं साधं काम आम्ही दोघांनी मिळून केलं, ते गाडीवर ताडपत्री घालण्याचं. चतुर्थीचा दुसरा दिवस, उंदरबीची संध्याकाळ. गणपती आत बसलेला, समईचा उजेड खळ्यापर्यंत, अंगणापर्यंत, आलेला, आणि समुद्राकडून पाऊस असा चालून येत होता की आधी माडांची डोकी वाकली आणि मग आवाज आला. निळी ताडपत्री, चारी कोपऱ्यांना सुंभ. एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला माझी बायको जयवंती.

मी ओरडलो, "ओढ गो!"

"ओढतंय मा! तुमीच सोडलास!"

वाऱ्याने ताडपत्री उचलली आणि तिच्या तोंडावर थापली. आतून ती हसायला लागली. म्हातारी बाई, पण हसताना पोरीसारखी हसायची, दम लागेपर्यंत. मी ताडपत्री खाली ओढली, दगड ठेवले, माझ्या बाजूची गाठ मारली. मी अर्धा जन्म बोटीवर खलाशी होतो. माझी गाठ वादळात सुटत नाही आणि सोडायची म्हटली तर एका हिसक्याला सुटते. तिची गाठ म्हणजे गाठीवर गाठ आणि तिच्यावर अजून एक.

"ही गाठ काय गो? वेणी घालतंस?"

"सुटणा नाय मा? मगे झाला."

भिजलेला पदर पिळून ती आत गेली. एवढंच. त्याच्यात पुढचं काही दिसत नव्हतं. दिसलं असतं तर मी तिला तिथेच धरून ठेवली असती, पावसात.

यंदा परत भात पोटरीवर आलंय. ज्याने त्या दिवसांत शेताच्या मेरेवर, बांधावर, उभं राहून वास घेतलाय त्यालाच तो कळेल. गोडसर, दुधाळ, अंगावरच्या पोराच्या तोंडाला येतो तसा. सगळ्यांना तो वास बरा वाटतो. मला शिसारी येते. तो वास आला की उंदीर येतात. मेरेतून येतात, व्हाळाच्या, ओढ्याच्या काठाने येतात, कुंपणाच्या चिऱ्यांच्या गडग्यातून येतात. पावसाने बिळं भरली की वर घराकडे सरकतात, आणि जिथे कोरडं, उबदार, अंधारं मिळेल तिथे घुसतात. गाडीच्या बॉनेटखाली यापेक्षा वेगळं काय असतं?

गाडी झिलाची, म्हणजे मुलाची, जुनी. त्याने मुंबईत नवी घेतली आणि ही लाल गाडी आमच्या खळ्यात आणून ठेवली, तुमका दवाखान्याक बरी म्हणून. मी बोट सोडल्यावर मासळीचा टेम्पो चालवलेला माणूस, मला तिचं ओझं नव्हतं. आम्ही दोघं तिच्यातून मालवणच्या बाजारात जायचो. जयवंती पुढे बसायची, मांडीवर पिशवी, पिशवीत सुकी मासळी. काच खाली करायची नाही, वारा लागतो म्हणून. गाडीला तो वास कायमचा बसला. झिल आला की नाक धरायचा. ती म्हणायची, "ह्या वासार तू वाढलंस रे मेल्या."

उंदरबीला आमच्या वाडीत उंदरांचा वाटा काढतात. आता बरीच घरं विसरली. जयवंती विसरणारी नव्हती. हळदीच्या पानावर भात, काळ्या वाटाण्याची उसळ, एक वडा. ते घेऊन ती शेताच्या मेरेवर जायची, मी मागून छत्री धरून. पान ठेवायची, हात जोडायची आणि गाऱ्हाणं घालायची, देवळात गावकर घालतात तसं, मोठ्याने.

"बा उंदरा म्हाराजा! आज वर्साच्या दिसाक तुझो वाटो तुका ठेवलेलो आसा. तो घे. कणसाक तोंड लावू नको, कणगीत घुसू नको, कापडाक दात लावू नको. तुझी पोरांबाळां तू सांभाळ, आमची आमका सांभाळूक दी!"

मी म्हणायचं, "व्हय म्हाराजा!"

मी ते थट्टेने म्हणायचो. तिला ते चालायचं नाही. मी बोटीवर उंदीर शेपटीला धरून फळीवर आपटणारा. एका रात्रीत जाळ्याची चाळण करतात ते. एकदा अशाच घरात आलेल्या एकाचे फावड्याने दोन तुकडे केले तेव्हा दिवसभर बोलली नाही माझ्याशी. संध्याकाळी म्हणाली, "पोट तेंकाय दिल्यान मा देवान? पानार वाढला तर घरात कित्याक येतले ते?"

येतले. आले.

ताडपत्री बांधली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ती घावणे घालत होती. तव्यावर एक घावणा होता, तो करपल्याचा वास आला म्हणून मी आत गेलो. ती भिंतीला टेकून बसलेली. कपाळावर घाम, ओठ पांढरे.

"छातीत कायतरी धरलासा वाटता. गाडी काढा."

गाडी काढा, असं ती कधीच म्हणाली नव्हती. मलेरियात फणफणली होती तेव्हाही पायी चालत गेली होती. मी खळ्यात धावलो. माझ्या बाजूची गाठ एका हिसक्यात सुटली. तिच्या बाजूची सुटेना. भिजून दगड झालेली. कोयता आणून तोडली. चावी फिरवली. टक्. परत फिरवली. टक्. बॉनेट उघडलं तर आत वारुळ असावं तसा गवताचा आणि चिंध्यांचा ढीग, काळ्या लेंड्या, आणि तारांवरचं रबर सोललेलं, तांबं उघडं, एक जाड तार तर सुरीने कापावी तशी दोन ठिकाणी. एक उंदीर माझ्या हातावरून उडी मारून गेला. ढुंगण हलवत. घाई नव्हती त्याला.

शेजारच्या फ्रान्सूची रिक्षा आहे. पण तो भाडं घेऊन कणकवलीला गेलेला. फोन केला, तो आला, जीव तोडून आला बिचारा. रिक्षात तिला बसवली. घाटी चढताना माझ्या खांद्यावरचं तिचं डोकं जड झालं. झोपलेल्या माणसाचं डोकं आणि हे डोकं, वजनात फरक असतो. मला कळलं. मी फ्रान्सूला सांगितलं नाही. तो हॉर्न वाजवत, शिव्या घालत, सगळ्यांना बाजूला करत ओरोसच्या सरकारी दवाखान्यापर्यंत गेला.

डॉक्टर झिलाला म्हणाले, "घरची गाडी लगेच निघाली असती तरी फरक पडला नसता. झटका मोठा होता." झिलाला ते पटलं. सगळ्यांना पटलं. मला नाही पटलं. डॉक्टर त्या गाडीत बसले नव्हते चावी फिरवायला.

सुतक लागलं. दुसऱ्या भावकीतले लोक आले आणि आमचा गणपती घाईघाईने उचलून व्हाळात पोचवून आले. ना आरती, ना टाळ. एका दिवसात मखर रिकामं आणि खाट रिकामी. आणि मी खळ्यात त्या गाडीसमोर उभा, हातात तोच कोयता.

तेव्हापासून मी मारत आलोय. लपवायचं काय त्यात? पिंजरे लावले. पिंजऱ्यात सापडला की पिंजऱ्यासकट विहिरीजवळच्या दोणीत बुडवायचा आणि बुडबुडे थांबेपर्यंत बघायचं. चिकट पुठ्ठे आणले. त्याच्यावर अडकलेला उंदीर ओरडतो तो आवाज तान्ह्या पोरासारखा असतो, आणि पाय सोडवायला तो स्वतःचा पाय कुरतडतो. मी दांड्याने संपवायचो. मेरेतली बिळं पिकावाने फोडली. एका तोंडाशी मिरच्यांचा धूर, दुसऱ्या तोंडाशी मी फावडं घेऊन. बाहेर आला की घाव. बिळात भाताची कणसं रचलेली असतात, टोकं एका बाजूला, सुगरणीने कोथिंबिरीची जुडी बांधावी तशी. ती बघून माझा संताप अजून चढायचा. एवढं नीटनेटकं घर कशाला लागतं चोरांना?

गाडी दुरुस्त करू दिली नाही मी. तीच माझी सापळ्याची जागा झाली. पुढच्या सीटवर, तिच्या जागेवर, खोबऱ्याचा तुकडा ठेवायचा आणि दार किलकिलं. सुक्या मासळीचा वास होताच आत, तो त्यांना लांबून बोलवायचा. दार धाडकन लावून मी आत शिरायचो. बंद गाडीत माणूस आणि उंदीर. काचांवर रक्ताचे शिंतोडे उडायचे. सीटचा स्पंज बाहेर लोंबायला लागला, अर्धा त्यांनी काढलेला, अर्धा माझ्या दांड्याने. एकदा उंदीर निसटला आणि त्या रागात मी गाडीचा पुढचा दिवा फोडला. मग दुसरा फोडला. बरं वाटलं.

फ्रान्सू गडग्यापलीकडून बघायचा. "रे दादा, तू उंदरांचो यम झालंस रे! आता फक्त बसूक रेडो व्हयो!"

"तुझी रिक्षा खाल्ल्यानी की हसान दाखव माका."

"खातले खंय? माज्या रिक्षात बसाक माणसांका जागा नाय." मग म्हणायचा, "जेवलंस?"

नाही म्हटलं की त्याची बायको गडग्यावरून ताट द्यायची. मी हात धुवायचो, पण जेवताना बोटांना वास यायचाच.

हे ते उंदीर नव्हेत, हे मला कळतं. उंदराचं आयुष्य ते केवढं? ज्याने ती तार तोडली तो कधीच मेला असेल, कोणा घुबडाने नेला असेल. मला हेही कळतं की गाडी न खाता घर खाल्लं असतं, तर मी नुसती शिवी घातली असती. पण माणसाचा राग कुठेतरी जायला हवा. देवावर काढावा तर तो मखरातून उठून गेलेला. डॉक्टरांवर काढावा तर ते खरं बोललेले. उरले उंदीर. आणि उरली ती. कपाटावरच्या तिच्या फोटोसमोर उभा राहून मी ओरडलोय, सून घरात असताना ओरडलोय, "तुज्याच पावण्यांनी खाल्ल्यानी गो तुका! वाढ आता वडे!"

फोटोतली माणसं उलट बोलत नाहीत. हाच तर त्रास आहे. जयवंती असती तर असं काही बोलली असती की मी दोन दिवस खळ्यातच बसलो असतो.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. तिला सवय होती, केस विंचरले की कंगव्यातले केस बोटाला गुंडाळून त्याचा लहान गोळा करायची आणि पडवीच्या भिंतीत, चिऱ्यांच्या फटीत खोचायची. बाईचे केस वाऱ्यावर जाऊ नयेत, म्हणायची. पडवीची सगळी भिंत तिने अशी भरलेली. पांढरे केस, टोकांना मेंदीचा तांबूसपणा. ती होती तेव्हा मला किळस यायची. "पडवी आसा की न्हाव्याचा दुकान?" तेरावं झालं आणि एक दिवस मी त्या भिंतीकडे बघितलं तर फटी रिकाम्या. एकही गोळा नाही. मी झिलावर आणि सुनेवर असा तुटून पडलो की शेजार गोळा झाला. कोणी काढले? कोणी झाडून टाकले? तिचं जळून गेलं सगळं, कपडे वाटून झाले, अंगातलं तेवढंच उरलं होतं.

सून रडत होती. "बाबा, मी हातसुद्धा लावला नाही हो. आईंची शपथ."

मी विश्वास ठेवला नाही. वर्षभर तिच्याशी नीट बोललो नाही.

यंदा वर्ष सरलं नव्हतं म्हणून गणपती चुलतभावाकडे बसवला. झिल आणि सून आली, कारण उंदरबीच्या दुसऱ्या दिवशी तिची वर्सल, वर्षश्राद्ध. झिल गाडीभोवती फिरला. फुटलेले दिवे बघितले, काचेवरचे काळे पडलेले डाग बघितले.  एवढंच म्हणाला, "बाबा, ह्या गाडीत आता काय उरलासा? उंदरांचो बंगलो झालो. भंगारवाल्याक सांगितलंय. वर्सल झाली की घेवन जातलो."

"ने. पण आधी माका एक काम आसा."

 माझ्या हातात हळदीचं पान होतं.

भात, उसळ, वडा. सुनेने न सांगता सगळं केलं होतं, सासूने करायची तसं. तिला वाटलं, म्हाताऱ्याचा राग उतरला. मी पान घेऊन गोठ्यामागे गेलो, दुकानातून आणलेलं उंदीर मारायचं औषध भातात कालवलं, वड्यात भरलं, वरून उसळ पसरली. वर्षभर दांड्याने एकेक मारला. आता सगळ्यांना एकत्र जेवायला बोलवायचं होतं, आणि तेही तिच्या पानावर, तिच्या जागेवर, तिच्या दिवशी. तिलाही दाखवायचं होतं.

मेरेवर पान ठेवलं. पाऊस बारीक पडत होता. हात जोडले नाहीत. गाऱ्हाणं घातलं.

"बा उंदरा म्हाराजा! तुझो वाटो हाडलंय!"

आणि गडग्यापलीकडून, केळींच्या आडून, फ्रान्सूचा आवाज आला, मोठा, खुशीतला. "व्हय म्हाराजा!"

त्याला वाटलं मी जयवंतीची रीत चालवतोय. वर्षानुवर्षं त्याने तिचं गाऱ्हाणं पलीकडून ऐकलं होतं. पुढचं त्याला ऐकू जाऊ नये म्हणून मी आवाज खाली आणला. "खा. पोटभर खा. पोरांबाळांक घेवन खा. आणि तडफडान मर."

याला व्हय म्हणायला कोणी नव्हतं. पानावर पाऊस टपटपत राहिला. मी घरी आलो. सुनेने पाय धुवायला गरम पाणी दिलं. ते मी घेतलं, आणि तिच्या तोंडाकडे बघितलं नाही.

सकाळी उजाडता उजाडता मेरेवर गेलो. पान होतं तसंच होतं. भात फुगून ढिला झालेला, वडा विरघळलेला, कडेला मुंग्या मरून पडलेल्या. एका उंदराने तोंड लावलेलं नव्हतं. बाजूच्या चिखलात त्यांच्या बारीक पायांच्या खुणा होत्या, पानापर्यंत आलेल्या आणि वळून गेलेल्या. एवढी वर्षं ज्या पानावर निर्धास्त जेवले त्या पानाला आज हुंगून परत गेले. मी तिथेच त्या चिखलात लाथ मारली. मग फ्रान्सूच्या कोंबड्या येतील म्हणून खोल खड्डा काढला आणि पान पुरलं.

घरी आलो. चुलीवर आंघोळीचं पाणी उकळत होतं, वर्सलीसाठी सगळ्यांना लवकर न्हायचं होतं. मी तो हंडा उचलला. झिल म्हणाला, "बाबा, खंय नेतास?" मी चालत राहिलो. पानावर आले नाहीत तर घरी जाऊन वाढायचं. गाडी भंगारात जायच्या आधी आतला एकही जिवंत जाता कामा नये. खळ्यात हंडा ठेवला, गाडीवरची वर्षभराची फाटकी ताडपत्री ओढून काढली, बॉनेटची कळ दाबली, वर उचललं.

बॅटरीच्या बाजूला गोल घरटं होतं. उंदरीण आत होती. पळाली नाही. पुढचे पाय टेकून उभी राहिली आणि दात दाखवले. तिच्या पोटाखाली पोरं, गुलाबी, डोळे मिटलेली, एकमेकांवर चढलेली. मी हंडा उचलला. वाफ माझ्या तोंडावर आली, तिच्याही आली असणार. ती हलली नाही.

वाफ सरली तेव्हा मला घरटं नीट दिसलं. खाली गवत, सुंभाचे तंतू, सीटचा स्पंज. आणि वर, पोरांच्या अंगाखाली, मऊ पांढरा थर. पांढरा, टोकांना तांबूस.

हंडा मी कधी खाली ठेवला ते आठवत नाही. पायावर पाणी सांडलं, भाजलं, ते नंतर कळलं. मी हात आत घातला. एक बट बोटाला लागली, तीच, तेलाने थोडी चिकट, माझ्या ओळखीची. ओढायला गेलो तर पोरं हलली, ती त्यात गुंतलेली होती, आणि उंदरीण माझ्या बोटावर तुटून पडली. कडकडून चावली. हाडापर्यंत. रक्त तिच्या मिशांवर सांडलं, केसांवर सांडलं, पोरांवर सांडलं.

वर्षभर मी मारत होतो. कोणी मला उलट मारलं ते त्या सकाळी पहिल्यांदा.

मी बोट सोडवलं नाही. तिनेच सोडलं, तिला वाटलं तेव्हा. मग ती परत पोरांवर बसली, माझ्याकडे बघत. दुसरा हात मोकळा होता माझा. दांडा पायाशीच होता. मी गाडीच्या टपावर मूठ मारली, एकदा, दोनदा, पत्रा आत जाईपर्यंत, आणि तोंडातून जे आलं ते जयवंतीचं नाव होतं की शिवी, झिलाला विचारा. तो पडवीत उभा होता. सून त्याच्या मागे.

मी सुनेला म्हटलं, "केस तू काढूक नाय होतंस."

"नाही बाबा."

"व्हय. माका गावले."

माफ केलं असं कोणी समजू नका. भात कापणीला आलं की मी मेरेवर फावडं घेऊन असणार. पण त्या बॉनेटखाली जे आहे ते वेगळं आहे. त्याच्यावर पाणी ओतायचं तर तिला दुसऱ्यांदा जाळायची, आणि एकदा जाळलेली मला पुरे झाली.

झिलाला सांगितलं, भंगारवाल्याला येऊ नको म्हण. तो म्हणाला, "बरां." आतून भटजींचा आवाज आला, पिंडाची तयारी झाली म्हणून. पाऊस मोठा झाला होता. मी बॉनेट हळू खाली केलं, आवाज न करता. माळ्यावरून नवी ताडपत्री काढली, एकट्याने. एका बाजूने ओढली की दुसऱ्या बाजूने उडते, मग धावत पलीकडे जायचं, दगड ठेवायचा, परत अलीकडे यायचं. झिल मदतीला उतरला, त्याला मी हाताने थांबवलं. माझ्या बाजूची गाठ माझ्यासारखी मारली. मग वळसा घालून तिच्या बाजूला गेलो. बोटातून रक्त येत होतं, सुंभ लाल झाला. तिथे मी गाठीवर गाठ मारली, आणि तिच्यावर अजून एक. ती सोडायची घाई आता कोणासाठी आहे?